लिफ्ट वर सरकते, तेव्हा मोकळा डोंगर कुठे जातो?

काश्मीरच्या सहलीला गेलेला मराठी पर्यटक गुलमर्गचा गंडोला सहसा चुकवत नाही. तिकिटासाठीची रांग, मग बंद पाळण्यात बसून सूचिपर्णी वृक्षांच्या शेंड्यांवरून होणारा तरंगता प्रवास, वर पोहोचल्यावर बर्फात काढलेली छायाचित्रे आणि परतीची वाट, असा हा नेहमीचा कार्यक्रम असतो. मात्र हिवाळ्यात त्याच पाळण्यातून पाठीला पिशवी आणि हातात स्की घेतलेली वेगळीच मंडळीही वर जातात. वरच्या स्थानकाबाहेर पडल्यावर ती परतीच्या पाळण्याकडे वळत नाहीत. ती धारेवरून काही अंतर आडवी चालत जातात, हद्द दाखवणारी दोरी आणि फलक मागे टाकतात आणि पलीकडच्या अस्पर्श बर्फात उतरतात.

ती दोरी म्हणजे केवळ एक रेषा. परंतु तिच्या अलीकडचा डोंगर आणि पलीकडचा डोंगर यांचे नियम, धोके आणि मालकीची कल्पना सर्वस्वी वेगळी असते. स्की केंद्राची नवी लिफ्ट उभी राहते, तेव्हा ही रेषा पुढे सरकते. जगभरातील हिमप्रदेशांत गेली काही दशके याच सरकत्या रेषेवरून वाद झडत आहेत. लिफ्ट आली म्हणजे डोंगर सर्वांना खुला झाला, असे एका बाजूचे म्हणणे. जो डोंगर आधीच खुला होता तो बंदिस्त झाला, असे दुसऱ्या बाजूचे. दोन्ही म्हणण्यांत तथ्य आहे, आणि म्हणूनच हा प्रश्न मुळापासून समजून घेण्याजोगा आहे.

दोन वेगळे खेळ

स्कीइंगचे ढोबळमानाने दोन प्रकार आहेत. पहिला प्रकार स्की केंद्रातला. तेथे लिफ्टने वर जायचे आणि यंत्राने दाबून सपाट केलेल्या उतारावरून खाली यायचे. वाटा आखलेल्या असतात, गस्ती पथक तैनात असते, धोक्याच्या उतारांवरील बर्फ सकाळीच स्फोटके लावून पाडलेला असतो. कोणी पडला, तर मदत काही मिनिटांत पोहोचते.

दुसरा प्रकार 'बॅककंट्री' नावाने ओळखला जातो. येथे लिफ्ट नाही, आखलेली वाट नाही आणि गस्तही नाही. स्कीच्या तळाला केसाळ पट्ट्या चिकटवायच्या, त्यांच्या पकडीवर पावलापावलाने डोंगर चढायचा आणि शिखरावर पट्ट्या काढून खाली उतरायचे. सराईत माणूस तासाभरात साधारण ३०० मीटरची उंची चढतो. म्हणजे दिवसभराच्या श्रमाचे फळ एखाद-दोन उतार. आपल्याकडच्या दुर्गभ्रमण करणाऱ्यांना यातला आनंद निराळा सांगायला नको. चढणीचे श्रम, शांतता आणि आपण निवडलेली वाट हेच त्याचे मोल असते.

या दोन प्रकारांना लागणारा डोंगर मात्र बहुधा एकच असतो. पुरेसा बर्फ, योग्य चढ, रस्त्यापासून फार लांब नसलेली जागा. बॅककंट्रीवाल्यांना जो उतार आवडतो, तोच लिफ्ट उभारणाऱ्याच्याही नकाशावर येतो. संघर्षाचे बीज येथेच आहे.

गुलमर्गचा धडा

गुलमर्गला स्कीइंगची परंपरा जुनी आहे. ब्रिटिश अधिकाऱ्यांनी १९२७ मध्ये येथे स्की क्लब स्थापन केला. त्या काळी खिलनमर्गच्या कुरणांपर्यंत किंवा त्याहून वर अफरवाटच्या उतारांवर जायचे, तर चालत जाण्यावाचून पर्याय नव्हता. साहजिकच तेथे पोहोचणारे थोडे होते, आणि जे पोहोचत त्यांना डोंगराची ओळख असे.

गंडोलाचे काम फ्रान्समधील पोमागाल्स्की कंपनीकडे सोपवण्यात आले होते. खोऱ्यातील अशांततेमुळे ते रखडले आणि पहिला टप्पा १९९८ मध्ये सुरू झाला. सुमारे २,६५० मीटरवरील गुलमर्गपासून ३,०८० मीटरच्या आसपास असलेल्या कोंगडोरीपर्यंत तो जातो. खरे स्थित्यंतर घडले ते २००५ मध्ये. त्या वर्षी दुसरा टप्पा खुला झाला आणि पाळणा कोंगडोरीहून थेट अफरवाटच्या खांद्यावर, जवळपास ३,९५० मीटर उंचीवर पोहोचला. जी चढण पायी चढायला तीन तास लागत, ती पाव तासाच्या आत सरू लागली.

याचा परिणाम दुहेरी झाला. जगात इतक्या उंचीवर स्कीपटूंना नेणारे पाळणे मोजकेच आहेत. त्यामुळे युरोप, ऑस्ट्रेलिया, अमेरिका, रशिया येथील स्कीपटू गुलमर्गकडे वळले. वर गेल्यावर धारेच्या दोन्ही अंगांना असंख्य घळी आणि कटोऱ्यांसारखे खोलगट उतार पसरलेले. त्यातून खाली उतरत जंगलातून बाबारेशी, द्रंग वा टंगमर्गपर्यंत जायचे आणि तेथून गाडीने परत यायचे, अशा दिवसभराच्या वाटा रूढ झाल्या. वाटाडे, स्की शिकवणारे, साहित्य भाड्याने देणारे, गाडीवाले, हॉटेलवाले यांना हिवाळ्यात रोजगार मिळाला. पूर्वी येथे हिवाळा म्हणजे बंद दुकानांचा काळ असे. हे विसरून गंडोलाला नावे ठेवणे अन्यायाचे ठरेल.

दुसरी बाजू अशी की लिफ्टने अंतर कमी केले, धोका कमी केला नाही. स्फोटकांनी बर्फ पाडून सुरक्षित राखला जाणारा भाग गंडोलाच्या लगतचा, मर्यादित. बाकीचा अफरवाट आजही पूर्वीइतकाच रानटी आहे. १ फेब्रुवारी २०२३ रोजी अफरवाटवर हिमस्खलन होऊन पोलंडच्या दोन स्कीपटूंना प्राण गमवावे लागले. त्यांच्यासोबतच्या परदेशी पाहुण्यांची सुटका करण्यात आली. २२ फेब्रुवारी २०२४ रोजी अशाच आणखी एका दुर्घटनेत एक रशियन स्कीपटू दगावला. त्याआधी फेब्रुवारी २०१० मध्ये याच परिसरात प्रशिक्षण घेणारे लष्कराचे १७ जवान हिमस्खलनात मृत्युमुखी पडले होते. अर्थात जवानांच्या दुर्घटनेचा पर्यटनाशी संबंध नाही. डोंगराचा स्वभाव काय आहे, एवढेच ती सांगते.

चढण हीच चाचणी

लिफ्टमुळे धोका का वाढतो, हे समजण्यासाठी बर्फाची रचना पाहावी लागते. हिवाळाभर बर्फ थराथराने साचतो. एखाद्या थंड, निरभ्र आठवड्यात वरचा थर भुसभुशीत साखरेसारखा होतो. त्यावर नवा जड बर्फ पडला की दुबळ्या पायावर उभ्या केलेल्या भिंतीसारखी अवस्था होते. ३० ते ४५ अंशांच्या उतारावर एका माणसाचे वजनही ही भिंत ढासळवायला पुरते. आणि नेमका हाच चढ स्कीपटूंना सर्वाधिक प्रिय असतो.

स्की केंद्राच्या आत हजारो स्कींच्या वर्दळीने थर दाबले जातात, दुबळे थर मोडतात, उरलेले काम स्फोटके करतात. हद्दीबाहेर यातले काहीच होत नाही. दोरीच्या दोन्ही बाजूंचा बर्फ वरून सारखाच पांढरा दिसतो. आतून तो वेगळा असतो.

पायी चढणाऱ्याला हा फरक कळण्याची संधी मिळते. तीन तास चढताना तो पायाखालचा आवाज ऐकतो, वाऱ्याने बर्फ कुठे साचवला ते पाहतो, खड्डा खणून थर तपासतो, शेजारच्या उतारावर ताजे स्खलन झाले असेल तर त्याच्या नजरेस पडते. पाळण्यातून आलेला माणूस या सगळ्याला मुकतो. उबदार डब्यातून उतरून दहा मिनिटांत तो अशा उतारावर उभा असतो, ज्याची त्याला काहीही माहिती नाही. बर्फाखाली गाडला गेलेला माणूस वाचण्याची शक्यता पहिल्या दहा-पंधरा मिनिटांनंतर झपाट्याने घटते. म्हणजे वाचवणारे सोबतचेच असावे लागतात आणि प्रत्येकाजवळ संदेश देणारे बीकन, बर्फात खुपसायची लांब काठी व फावडे असावे लागते. चढण ही एक प्रकारची चाचणी होती. लिफ्टने ती रद्द केली, पण तिच्या जागी दुसरी चाचणी ठेवली नाही.

हद्द सरकते तेव्हा

गुलमर्गमध्ये लिफ्टने बॅककंट्रीचे दार उघडले. अमेरिकेत अनेकदा याच्या उलट घडते. लिफ्ट बॅककंट्रीच गिळते.

अमेरिकेच्या पश्चिम भागातील बहुतेक मोठी स्की केंद्रे सरकारी वनजमिनीवर आहेत. जमीन जनतेची, लिफ्ट कंपनीची, आणि दोहोंमध्ये वन सेवेचा परवाना, अशी ही व्यवस्था. १९८६ च्या कायद्यानुसार हा परवाना ४० वर्षांपर्यंत देता येतो. परवान्याची हद्द वाढवायची, तर विकास आराखडा सादर करावा लागतो, पर्यावरणावरील परिणामांचा अभ्यास होतो आणि नागरिकांचे आक्षेप मागवले जातात.

कोलोरॅडोतील अरापाहो बेसिन हे याचे बोलके उदाहरण. १९४६ पासून चालू असलेल्या या केंद्राच्या लगतच 'बीव्हर्स' नावाचा उतार आणि 'स्टीप गलीज' या तीव्र घळी होत्या. केंद्राच्या हद्दीवरील फाटकातून बाहेर पडून किंवा खालून चढून स्कीपटू वर्षानुवर्षे तेथे जात. केंद्राने हा भाग आपल्या हद्दीत मागितला. लोक तेथे जातच आहेत आणि अपघातही होत आहेत, मग तो गस्तीखाली आणणे श्रेयस्कर, हा त्यामागचा एक मुख्य युक्तिवाद होता. नोव्हेंबर २०१६ मध्ये वन सेवेने मंजुरी दिली. २०१७-१८ च्या हंगामात ४६८ एकरांचा हा भाग खुला झाला आणि २०१८ मध्ये बीव्हर्समध्ये चेअरलिफ्ट उभी राहिली. केंद्राचे क्षेत्र ९६० एकरांवरून १,४२८ एकर झाले.

सुरक्षेच्या दृष्टीने पाहता हा निर्णय चुकीचा म्हणता येत नाही. परंतु जे तेथे पायी जात होते, त्यांच्या वाट्याला काय आले? उतार तोच राहिला, पण तो कधी उघडायचा आणि कधी बंद करायचा हे आता केंद्र ठरवते. स्फोटके वापरायची असल्याने त्या वेळी इतरांना तेथे मज्जाव करणे ओघानेच आले. आणि जो बर्फ वादळानंतर आठवडाभर अस्पर्श राहत असे, तो लिफ्ट सुरू झाल्यावर काही तासांत रेघोट्यांनी भरून जातो. जमीन कायद्याने आजही सर्वांचीच आहे. त्यावरचा अनुभव मात्र बदलला.

दोरीपलीकडचा परिणाम

लिफ्टचा प्रभाव तिच्या हद्दीपाशी थांबत नाही, ही या विषयातील सर्वांत दुर्लक्षित बाब. नव्या लिफ्टचे वरचे स्थानक जेथे असते, तेथून गुरुत्वाकर्षणाच्या साह्याने पोहोचता येईल असा सारा उतार व्यवहारतः लिफ्टचाच होतो. नकाशावर ४०० एकर वाढले, तरी प्रत्यक्षात बदल त्याच्या कित्येक पट क्षेत्रात घडतो.

वायोमिंगमधील जॅक्सन होल येथे पूर्वी हद्द ओलांडणाऱ्याचा पास जप्त होत असे. १९९९ मध्ये केंद्राने धोरण बदलले आणि हद्दीवर फाटके बसवून ती खुली केली. स्वातंत्र्याच्या बाजूने हा निर्णय मोठा होता आणि स्कीपटूंनी त्याचे स्वागत केले. पण फाटकातून बाहेर जाणाऱ्यांची संख्या वाढली की एक नवा धोका उभा राहतो. वरून उतरणारा स्कीपटू बर्फ ढासळवतो आणि खालून चढत येणारी, त्याला न दिसणारी तुकडी त्या मार्गात असते. पायी चढणारे एरवी परस्परांना ओळखून, वेळा सांभाळून जातात. लिफ्टने येणारे आणि चालत येणारे यांच्यात असा संवाद नसतो.

प्रवेशाचा आणखी एक पैलू वाहनतळाचा आहे. हिवाळ्यात डोंगरापर्यंत जाणारा, बर्फ काढलेला रस्ता बहुधा एकच असतो आणि त्याच्या टोकाला स्की केंद्र असते. गाडी लावायला जागा तेथेच. केंद्राने वाहनतळावर शुल्क लावले, आरक्षण सुरू केले किंवा आपल्या उतारावरून पायी वर चढण्यास बंदी घातली, तर त्यापलीकडचा सरकारी डोंगर कागदावर खुला राहूनही गाठता येत नाही. म्हणूनच पायी चढणाऱ्यांसाठी वेळ व वाट नेमून देणारे धोरण हवे, अशी मागणी होते. अनेक केंद्रांनी ते आखलेही आहे. काही ठिकाणी त्यासाठी वेगळा पास घ्यावा लागतो. यंत्राने तयार केलेला उतार, गस्त आणि वाहनतळ यांवर खर्च होतो, तो कोणी तरी सोसला पाहिजे, हे केंद्रांचे म्हणणेही बिनबुडाचे नाही.

जेथे 'नको' म्हटले गेले

प्रत्येक विस्तार मंजूर होतोच असे नाही. कॅनडाच्या ब्रिटिश कोलंबिया प्रांतातील जम्बो खोऱ्यात १९९१ मध्ये बारमाही स्की केंद्राचा प्रस्ताव आला. हिमनद्यांवर जाणाऱ्या दोन डझनांच्या आसपास लिफ्ट आणि पायथ्याशी एक नवे गाव, असा तो आराखडा होता. क्टुनाहा या मूळनिवासी समाजासाठी ही भूमी अस्वलाच्या आत्म्याचे निवासस्थान. बॅककंट्री स्कीपटू, पर्यावरणवादी आणि हा समाज एकत्र आले. २०१५ मध्ये प्रकल्पाचे पर्यावरण प्रमाणपत्र संपुष्टात आले. २०१७ मध्ये क्टुनाहांची याचिका कॅनडाच्या सर्वोच्च न्यायालयाने फेटाळली, तरी अखेर जानेवारी २०२० मध्ये सरकार व काही संस्थांच्या निधीतून विकासहक्क संपवण्यात आले आणि ते खोरे मूळनिवासींच्या देखरेखीखालील संरक्षित क्षेत्र करण्याचे ठरले.

ऑस्ट्रियातील टायरॉल प्रांतात पिट्झटाल आणि एट्झटाल येथील हिमनद्यांवरची दोन स्की केंद्रे जोडण्याची योजना होती. त्यात एका शिखराचा माथा सपाट करावा लागणार होता. जुलै २०२२ मध्ये पिट्झटालमधील सांक्ट लेओनहार्ड गावाने मतदानात हा प्रकल्प निसटत्या बहुमताने नाकारला. पर्यटनावर जगणारे गाव जवळपास दुभंगले, यावरून प्रश्नाची गुंतागुंत लक्षात यावी.

भारतातही याला जोड आहे. मनालीजवळ 'हिमालयन स्की व्हिलेज' उभारण्याचा प्रस्ताव हेन्री फोर्ड यांचे पणतू आल्फ्रेड फोर्ड यांच्या सहभागामुळे गाजला. २००६ मध्ये कुलू खोऱ्यातील नग्गर येथे देवदेवतांची 'जगती' भरली आणि गुरांच्या मुखातून, म्हणजे देवतांचे माध्यम मानल्या जाणाऱ्या पुजाऱ्यांकडून, प्रकल्पाला नकार मिळाला. चराऊ कुरणे, जंगल व पाणी यांच्यावरील हक्कांची चिंता त्यामागे होती. तो प्रकल्प प्रत्यक्षात आलाच नाही.

वर, आणखी वर

विस्ताराची ओढ केवळ लोभातून येत नाही. तापमानवाढीने खालच्या उतारांवरचा बर्फ अविश्वसनीय झाला आहे. जानेवारी २०२४ मध्ये गुलमर्गची कुरणे बर्फाविना तपकिरी दिसत होती. २०२५ मध्ये बर्फाअभावी तेथील खेलो इंडिया हिवाळी स्पर्धा फेब्रुवारीतून मार्चमध्ये ढकलाव्या लागल्या. खाली बर्फ नसेल, तर लिफ्ट वर न्यावी लागते. आणि वर तर बॅककंट्रीचे अखेरचे आश्रयस्थान. हवामानबदल या दोघांना एकाच चिंचोळ्या पट्ट्यात ढकलत आहे.

भारतासाठी हा प्रश्न लवकरच अधिक तीव्र होईल. २०२२-२३ च्या अर्थसंकल्पात 'पर्वतमाला' ही रोपवे उभारणीची राष्ट्रीय योजना जाहीर झाली. जानेवारी २०२५ मध्ये सोनमर्गच्या बोगद्याचे उद्घाटन झाले आणि हिवाळ्यात तुटणारे ते गाव बारमाही रस्त्याने जोडले गेले. रस्त्यामागून पर्यटक येतात आणि पर्यटकांमागून पाळणे, हा क्रम नवा नाही.

महाराष्ट्राला रायगडच्या रोपवेचा अनुभव आहे. १९९६ मध्ये तो सुरू झाला आणि वृद्धांना, मुलांना, अपंगांना गड पाहता येऊ लागला. पायऱ्यांची वाट मात्र राहिली. ज्याला चढायचे तो आजही चढतो. बर्फाच्या डोंगरावर हे इतके सोपे नसते. तेथे लिफ्ट येणे आणि जुनी वाट तशीच राहणे एकत्र घडेलच असे नाही, कारण वाट म्हणजे पायऱ्या नसून तो अस्पर्श बर्फच असतो.

म्हणून नव्या लिफ्टचा प्रस्ताव येईल तेव्हा काही प्रश्न आधीच विचारले गेले पाहिजेत. वरच्या स्थानकावरून लोक हद्दीबाहेर कुठवर उतरतील आणि त्या साऱ्या क्षेत्राचा विचार आराखड्यात आहे का? हिमस्खलनाचा रोजचा इशारा वरच्या फाटकावर, उतरणाऱ्याला समजेल अशा भाषेत लावला जाईल का? पायी चढणाऱ्यांसाठी वाट आणि वाहनतळ राखून ठेवला आहे का? मेंढपाळ व गावकरी यांचे हक्क कोणी नोंदवले आहेत का? आणि वाढलेल्या गर्दीबरोबर बचाव पथकाचे बळही वाढणार आहे का?

लिफ्टला सरसकट विरोध करणे म्हणजे ज्यांना चढता येत नाही त्यांना डोंगर नाकारणे. प्रत्येक डोंगराला लिफ्ट लावणे म्हणजे ज्यांना चढायचे आहे त्यांना तो नाकारणे. या दोन टोकांमध्ये रेषा कुठे आखायची, हे ठरवण्याची वेळ खांब उभे राहण्यापूर्वीची असते. अफरवाटवर ती आपण नंतर आखू लागलो, आणि तिची किंमत दोरीपलीकडे गेलेल्या काहींनी प्राणांनी मोजली.